दाखला म्हणजे काय? शब्दाचा अर्थ, उगम आणि प्रमाणपत्राशी असलेला फरक

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोल्हापुरात एक शब्द दिवसातून शंभर वेळा ऐकू येतो: दाखला. शाळेच्या ऑफिसबाहेर, सेतू केंद्राच्या रांगेत, झेरॉक्सच्या दुकानात, व्हॉट्सॲपच्या पालक ग्रुपवर सगळीकडे तोच. 'दाखला काढाय गेलोय' म्हटलं की कुठला दाखला, हे विचारावं लागत नाही. महिना कोणता चालू आहे त्यावरून समजतं. पण याच शब्दाचा फोटो एखाद्या हिंदी भाषिक मित्राला पाठवला, तर तो बुचकळ्यात पडतो. त्याच्या दृष्टीने 'दाखिला' म्हणजे शाळेत प्रवेश घेणं. आणि आपण तर शाळा सोडल्याचा दाखला म्हणतोय!

शिरण्याचा अर्थ असलेला शब्द सोडण्याच्या कागदाला कसा लागला, याचं उत्तर शाळेच्या कपाटातल्या एका जाड वहीत आहे. ते समजलं की दाखला आणि प्रमाणपत्र यांतला फरकही समजतो, आणि दाखल्यावरची चूक दुरुस्त करताना लोक इतके हेलपाटे का घालतात, तेही कळतं.

शब्द आला कुठून?

'दाखला' मूळचा अरबी. द-ख-ल या धातूचा अर्थ आत जाणे, शिरणे. फारसीच्या वाटेने तो दख्खनच्या कारभारात आला आणि मराठीत त्याची मोठी भावकी तयार झाली. रुग्णालयात दाखल होणे, गुन्हा दाखल करणे, एखाद्या गोष्टीची दखल घेणे, कुळाला जमिनीतून बेदखल करणे, दखलपात्र आणि अदखलपात्र गुन्हा हे सगळे एकाच घरातले. 'उदाहरणादाखल', 'नमुन्यादाखल' यांतला 'दाखल'ही तोच.

अनेकांना वाटतं की दाखला हा शब्द 'दाखवणे'वरून आला, कारण दाखला काय, दाखवायचाच असतो. कानाला पटणारी गोष्ट आहे, पण ती खरी नाही. 'दाखवणे' प्राकृतातून आलेलं, पाहण्याशी नातं असलेलं क्रियापद आहे. दोन वेगळ्या घरांतले शब्द मराठीत येऊन सारखे दिसू लागले, इतकंच.

आत शिरण्यापासून कागदापर्यंतचा प्रवास मात्र सरळ आहे. कारभारात 'आत जाणं' म्हणजे वहीत जाणं. माल कोठीत आला, रक्कम खजिन्यात आली, माणूस नोकरीत आला की त्याची वहीत नोंद होई; ती बाब दाखल झाली. त्या नोंदीचा पुरावा म्हणून जो कागद मिळे तो दाखला. पुरावा म्हटल्यावर पुढची पायरीही सोपी: वादात पुढे केलेलं उदाहरणसुद्धा दाखला. म्हणून मराठीत वक्ता इतिहासाचे दाखले देतो आणि मुख्याध्यापकही दाखला देतात. दोघांचं काम एकच, पुरावा समोर ठेवणं.

शेजारच्या भाषांत याच शब्दाने वेगवेगळ्या वाटा धरल्या. कोल्हापूरहून निपाणीला गेलं की कानडी पाट्यांवर 'दाखले' दिसतो. तिथे त्याचा अर्थ नोंद किंवा दस्तऐवज, आणि क्रिकेटमधला विक्रमसुद्धा. 'दाखलाती' म्हणजे शाळेतली पटनोंदणी. गुजरातीत 'दाखलो' म्हणजे प्रमाणपत्र, उदाहरण आणि गणिताच्या वहीतलं गणितही. बांगलादेशात मदरशांची दहावीच्या तोडीची परीक्षाच 'दाखिल' नावाने ओळखली जाते. म्हणून भाषांतराच्या ॲपवर डोळे झाकून विसंबू नये. मराठी 'दाखला' हिंदीत नेताना 'दाखिला' केला, तर 'शाळा सोडल्याचा दाखला' याचा अर्थ 'शाळा सोडण्याचा प्रवेश' असा काहीतरी होऊन बसतो.

दाखल-खारीज: कपाटातली जाड वही

मूल पहिलीत आलं की त्याचं नाव एका मोठ्या नोंदवहीत चढतं. हिचं प्रचलित नाव जनरल रजिस्टर; जुन्या शिक्षकांच्या तोंडी आणि अनेक शाळांच्या कपाटावर आजही 'दाखल-खारीज रजिस्टर'. दाखल म्हणजे आत आलेला, खारीज म्हणजे बाहेर पडलेला. एका विद्यार्थ्याला एक ओळ आणि एक क्रमांक. डाव्या बाजूला त्याचं येणं, उजव्या बाजूला जाणं: कोणत्या तारखेला, कोणत्या इयत्तेतून, कोणत्या कारणाने.

शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे या एका ओळीचा उतारा. विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, आईचं नाव, धर्म, जात आणि पोटजात, मातृभाषा, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण हे सगळं त्यात येतं. खाली मुख्याध्यापक सही करतात ती 'वरील माहिती शाळेच्या रजिस्टरप्रमाणे आहे' अशा अर्थाच्या वाक्याखाली. हे वाक्य सहसा कोणी वाचत नाही, पण दाखल्याचा सगळा अर्थ तिथेच आहे. मुलाचा जन्म त्याच तारखेला झाला, असं मुख्याध्यापक म्हणत नाहीत. आमच्या वहीत असं लिहिलेलं आहे, एवढंच ते म्हणतात.

म्हणजे दाखला सोडण्याचाही नाही आणि शिरण्याचाही नाही. तो नोंदीचा आहे.

प्रमाणपत्र वेगळं, सनद वेगळी

बोलताना आपण हे शब्द अदलाबदल करून वापरतो आणि बहुतेक वेळा काही बिघडत नाही. तरी फरक आहे. प्रमाणपत्र हा संस्कृत जोडशब्द. एखादी गोष्ट सिद्ध झाली, कोणी ती तपासली आणि मान्य केली, याचं पत्र. दहावी उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र मंडळ देतं, कारण परीक्षा मंडळाने घेतली. कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांसाठी राज्य मंडळाचं कोल्हापूर विभागीय मंडळ आहे. पेपरात किती गुण पडले ते सांगणारा कागद म्हणजे गुणपत्रक किंवा गुणपत्रिका, बोलीत मार्कशीट. शाळेने मात्र कोणतीही परीक्षा न घेता, फक्त वही बघून जो कागद दिला, तो दाखला.

'बोनाफाईड' हा तिसराच प्रकार. विद्यार्थी आज या शाळेत शिकतो आहे, एवढंच तो सांगतो. शाळा सोडलेल्या माणसाला बोनाफाईड कामाचं नसतं आणि शिकत असलेल्याला शाळा सोडल्याचा दाखला मिळत नाही. बसच्या पासासाठी बोनाफाईड, अकरावीच्या प्रवेशासाठी दाखला. एलसी आणि टीसी यांवरून ग्रुपवर नेहमी वाद होतो. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या शाळांत एलसी हा शब्द रुळला आहे, इतर मंडळांच्या शाळांत टीसी. बहुतेक कामांसाठी दोन्ही एकाच जागी चालतात.

'सनद' हाही अरबी शब्द, आधार या अर्थाचा. पूर्वी राजाने वतन, इनाम किंवा हक्क दिल्याचा लेख म्हणजे सनद. आज ती मुख्यतः वकिलांकडे उरली आहे. कायद्याची पदवी विद्यापीठ देतं, पण वकिलीची सनद बार कौन्सिल देते आणि तिच्याशिवाय कोर्टात उभं राहता येत नाही. सनदी अधिकारी, सनदी लेखापाल यांत तिची सावली दिसते. 'पदवी' आणि 'पदविका' हे विद्यापीठाचे आणि तंत्रनिकेतनाचे शब्द. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय १८८० पासून आहे, पण शिवाजी विद्यापीठ आलं १९६२ साली. त्याआधी इथे शिकलेल्यांच्या पदवीवर बाहेरच्या विद्यापीठाचा शिक्का असे. दाखल्यावर मात्र कायम आपल्याच शाळेचा.

सरकारी छापील नमुन्यांत अलीकडे 'प्रमाणपत्र' वाढलं आहे: जात प्रमाणपत्र, उत्पन्न प्रमाणपत्र, वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र. लोक मात्र जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखलाच म्हणतात. फारसी-अरबी शब्द काढून संस्कृत शब्द आणण्याचा हा खटाटोप जुना आहे. शिवकाळात राजव्यवहारकोश याच हेतूने तयार झाला. विसाव्या शतकात भाषाशुद्धीच्या चळवळीत कोल्हापूरचंही एक नाव येतं: कवी माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन. फारसीचे पंडित, १९२५ साली फारसी-मराठी कोश करणारे, राजाराम महाविद्यालयात शिकवणारे. आणि याच माणसाने पुढे 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून मराठीतल्या परकी शब्दांविरुद्ध बाजू मांडली. फारसी इतकी जाणणाऱ्याने ती बाजू घ्यावी, हे गमतीचं वाटलं तरी परका शब्द कोणता हे ओळखायला जाणकारच लागतो. दाखला त्या सगळ्यातून तरला. राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला, परिभाषा कोश निघाले, तरी शाळेच्या खिडकीपाशी कोणी 'शाळा सोडल्याचे प्रमाणपत्र द्या' असं म्हणत नाही.

एक जून: नोंद खरी, तारीख नाही

दाखला नोंदीचा असतो याचा सर्वांत मोठा पुरावा दरवर्षी १ जूनला फेसबुकवर दिसतो. त्या दिवशी महाराष्ट्रात वाढदिवसांचा पूर येतो. काका, मावशी, शेजारी, निवृत्त गुरुजी, सगळ्यांचा एकाच दिवशी जन्म. कारण साधं आहे. पूर्वी खेड्यात जन्माची नोंद करण्याची सवय नव्हती. आई-बापाला मूल कोणत्या पावसाळ्यात झालं, कोणत्या सणाच्या मागेपुढे झालं, एवढं आठवे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या. गुरुजी मुलाकडे बघून वय ठरवत आणि वर्ष मोजायला सोपी म्हणून १ जून ही तारीख लिहून टाकत. पुढे तीच तारीख दाखल्यावर, मग दहावीच्या कागदावर, नोकरीच्या सेवापुस्तकात, पॅनकार्डावर आणि शेवटी फेसबुकवर गेली.

गुरुजींनी तोंडी ठरवलेल्या त्या तारखेचा शेवट निवृत्तीत होतो. सरकारी नोकरीत महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे रोजी राज्यभरातल्या कार्यालयांत निरोप समारंभांची गर्दी उसळते. गुरुजींनी वर्ष एकाने अलीकडे लिहिलं असेल तर एक वर्षाचा पगार गेला, पलीकडे लिहिलं असेल तर मिळाला. सेवापुस्तकातली जन्मतारीख बदलायची तर महाराष्ट्र शासनाच्या नियमांनुसार नोकरीत लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. निवृत्ती जवळ आल्यावर 'माझा जन्म खरं तर नोव्हेंबरातला' असं सांगून भागत नाही.

यापुढच्या पिढीसाठी चित्र बदललं आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळा प्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणजे जन्माचा दाखलाच. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव शासकीय कागदपत्रांत बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचं, असा राज्य सरकारचा निर्णय आहे.

आजोबांच्या दाखल्याला आज एवढी किंमत का?

शाळेच्या वहीत जातीचा रकाना आहे, आणि ती वही जितकी जुनी तितकं तिचं वजन जास्त. जातीचं प्रमाणपत्र आणि पुढे त्याची पडताळणी करताना अर्जदाराचं कुटुंब ठरावीक तारखेला महाराष्ट्रात होतं आणि त्या जातीचं होतं, हे दाखवावं लागतं. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा वडिलांचा, आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळेचा दाखला सापडला, तर अर्धं काम होतं. कारण सोपं: त्या काळी ही नोंद करताना कोणाच्या मनात आजचा फायदा असण्याची शक्यता नव्हती.

कोल्हापूरकरांची या बाबतीत एक जमेची बाजू आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद होती. सक्ती आली की पट आला आणि पट आला की वही आली. ज्या घरांत अक्षर कधी शिरलं नव्हतं, त्या घरातल्या कोणाचं तरी नाव शाळेच्या वहीत पहिल्यांदा चढलं ते अशा शाळांमुळे. शिक्षणासाठी लावलेल्या त्या सक्तीतून पुढच्या पिढ्यांना पुरावाही मिळाला.

अडचण वाचण्याची असते. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडी लिपीत आहेत. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी रजिस्टरंही उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. जुनी शाळा बंद झाली असेल किंवा दुसरीत विलीन झाली असेल, तर तिची वही कुठे गेली हे जवळच्या चालू शाळेत किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारावं लागतं. संस्थानी काळातल्या इतर कागदांसाठी कोल्हापुरात पुरालेखागाराचं कार्यालय आहे.

चूक असेल तर काय?

दाखल्यावर नाव चुकलं की लोक दुसरा दाखला मागायला जातात. पण कागद बदलून उपयोग नसतो. बदलायची असते ती वहीतली ओळ. विद्यार्थी त्या शाळेत शिकत असेल तोवर हे तुलनेने सोपं आहे: पालकांचा अर्ज, पुरावे आणि शिक्षण विभागाची मंजुरी. शाळा सोडल्यावर माध्यमिक शाळा संहितेचे नियम आड येतात आणि उघड लेखनचुकीपलीकडची दुरुस्ती अवघड होते. म्हणून दहावीचा परीक्षा अर्ज भरण्याआधी, मूल अजून वर्गात असताना, शाळेत जाऊन रजिस्टरमधली ओळ एकदा डोळ्यांनी पाहावी. स्पेलिंग, आईचं नाव, जन्मस्थळ, जात आणि पोटजात. पाच मिनिटांचं काम आहे. लग्नानंतर किंवा राजपत्रात प्रसिद्ध करून नाव बदललं, तरी जुना दाखला आपोआप बदलत नाही. तो त्या वेळची नोंद सांगतो. नवा आणि जुना दोन्ही कागद एकत्र जोडायचे असतात.

मूळ दाखला पुढच्या कॉलेजात जमा होतो आणि तिथेच राहतो, हे अनेकांना प्रवेश झाल्यावर लक्षात येतं. देण्याआधी स्वच्छ स्कॅन आणि चार-सहा झेरॉक्स काढून ठेवाव्यात. हरवला तर शाळा प्रतिज्ञापत्र घेऊन दुसरी प्रत देते आणि तिच्यावर तसा शेरा असतो. गुणपत्रकं डिजिलॉकरवर मिळू शकतात, पण दाखला वही जिथे आहे तिथूनच येतो.

शाळेने दाखला अडवला तर? पहिली ते आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायदा २००९ चं कलम ५ स्पष्ट आहे. मुलाला दुसऱ्या शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा. उशीर केला तर त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि दाखला यायला वेळ लागला म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. फी बाकी असताना हेच कलम सगळ्यात जास्त कामाला येतं, आणि तेव्हाच ते कोणाला आठवत नाही. तहसील कार्यालयातून मिळणाऱ्या दाखल्यांसाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ आहे. ठरलेल्या मुदतीत कागद मिळाला नाही तर अपील करता येतं. अर्जाची पावती मात्र जपून ठेवावी लागते.

निकालाच्या दिवशी स्टेटसवर आनंद जरूर टाकावा, दाखल्याचा फोटो मात्र नको. एकाच पानावर पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात आणि शाळा. बँकेचे सुरक्षा प्रश्न विचारायला आणखी काय लागतं? गुणपत्रकाच्या फोटोतही बैठक क्रमांक आणि आईचं नाव झाकावं.

बोलीतला दाखला

हा शब्द पुल्लिंगी आहे: तो दाखला, ते दाखले, दाखल्याची प्रत. 'दाखिला' किंवा 'दाखीला' असं मराठीत लिहू नये. क्रियापदांत मात्र गंमत आहे. दाखला 'काढणे' म्हणजे मिळवणे, पण 'शाळेतून दाखला काढला' म्हणजे मुलाला त्या शाळेतून उचललं. 'दाखला हातात देईन' ही मास्तरांची शेवटची धमकी. त्यापुढे छडी नसते. 'नाव काढणे' तर दोन्ही बाजूंनी चालतं: शाळेतून नाव काढलेल्या पोराने पुढे शाळेचं नाव काढलं, असं वाक्य मराठीत बिनदिक्कत लिहिता येतं.

आणि एक दाखला असा आहे की जो शाळेची पायरी न चढलेल्यालाही काढावा लागतो. दर नोव्हेंबरात पेन्शनर बँकेत किंवा मोबाइलवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला देतात. माणूस समोर उभा असतो, बोलतो, चहा पितो, तरी क्लार्क म्हणतो, काका, दाखला लागेल.